‘ओके’ म्हणजे पोच की मंजुरी? धंद्यात रोज वापरले जाणारे छोटे इंग्रजी शब्द नीट समजून घ्या



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर कशी घ्यायची ते बघितलं. त्यातला एक मुद्दा वेळेअभावी राहून गेला होता. ग्राहकाला, व्यापाऱ्याला, पुरवठादाराला उत्तर देताना आपण जे छोटे छोटे इंग्रजी शब्द टाकतो, त्यांचा हा मुद्दा आहे. ओके, शुअर, फाइन, नोटेड, ओह, वेल, सॉरी. हे शब्द आपण इतक्या सहज वापरतो की त्यांचा अर्थ काय, हा प्रश्नच पडत नाही. पण पैसे जातात ते इथेच. म्हणून आज हा विषय निवांत घेऊ.

आधी एक हिशेब मांडू

समजा, चुडाव्यातल्या एका ताईंनी हळद पावडरचा छोटा उद्योग सुरू केलाय. चुडावा म्हणजे परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यातलं, रेल्वे स्टेशन असलेलं गाव. एकीकडे पूर्णा, दुसरीकडे नांदेड, आणि वसमतची हळदीची बाजारपेठही जवळच. कच्चा माल जणू दाराशी. हळद, दळण, पॅकिंग, मजुरी असा सगळा खर्च धरून ताईंना पावडर किलोमागे १७२ रुपयांना पडते.

पुण्याच्या एका व्यापाऱ्याचा मेसेज येतो: २०० किलो, दर १८० रुपये, १५ तारखेपर्यंत माल पुण्यात हवा, ट्रान्सपोर्ट तुमच्याकडे.

ताई कामात आहेत. घाईत उत्तर देतात: ‘ओके’.

ताईंच्या मनात काय होतं? ‘मेसेज वाचला, रात्री हिशेब करून सांगते.’ व्यापारी काय समजला? ‘सौदा पक्का.’ त्याने पुढे आपल्या दुकानदारांना शब्द देऊनही टाकला.

आता आकडे बघा. ट्रान्सपोर्ट व्यापाऱ्याकडे असता तर किलोमागे ८ रुपये सुटले असते, म्हणजे २०० किलोवर १,६०० रुपये नफा. ट्रान्सपोर्टचे किलोमागे १२ रुपये ताईंनी द्यायचे म्हटलं, तर माल पडतो १८४ रुपयांना आणि विकायचा १८० ला. किलोमागे ४ रुपये तोटा, म्हणजे एकूण ८०० रुपये खिशातून गेले. १,६०० नफ्याचे ८०० तोट्यावर आले, एकूण फरक २,४०० रुपयांचा. सगळा एका ‘ओके’मुळे.

यात लबाडी कुणाचीच नाही. दोघांनी एकच शब्द दोन अर्थांनी घेतला, एवढंच झालं.

पोच, समज आणि मंजुरी

आपल्या मराठी व्यवहारात यासाठी फार चांगले शब्द आहेत. पत्र मिळालं की आपण ‘पोच’ देतो. अर्ज पटला की ‘मंजुरी’ देतो. सरकारी कचेरीत अर्ज दिल्यावर शिक्का मारून मिळते ती पोच. ती दाखवून कुणी म्हणत नाही की माझं काम मंजूर झालं. सौद्यातही तसंच. भावाची बोलणी कितीही झाली तरी इसार दिला-घेतला की मग सौदा पक्का.

म्हणजे समोरच्याच्या बोलण्याला आपण जे उत्तर देतो, त्याच्या तीन पायऱ्या असतात:

पहिली, पोच: तुमचा निरोप मिळाला.
दुसरी, समज: तुम्हाला काय म्हणायचंय ते कळलं.
तिसरी, मंजुरी: ते मला मान्य आहे, मी तसं करणार.

बोलताना आपण या तिन्हींसाठी ‘हो’ वापरतो. फोनवर समोरचा बोलत असतो आणि आपण ‘हं... हो... हो... बरं’ करत राहतो. त्याचा अर्थ फक्त ‘ऐकतोय, बोला’ एवढाच. आपल्या माणसाला ते आवाजावरून कळतं. हीच सवय आपण इंग्रजीत नेतो आणि ‘येस, येस, ओके, ओके’ करतो. पण मेसेजमध्ये आवाज नसतो. तिथे ‘येस’ म्हणजे होकार.

शाळेत आपण केवलप्रयोगी अव्ययं शिकलो. अरेरे, वाहवा, छे, अबब, शाबास. मनातली भावना एकदम बाहेर काढणारे शब्द. इंग्रजीतही असे शब्द आहेत. पण शब्दाला शब्द ठेवून भाषांतर शिकण्याची आपली जुनी पद्धत या शब्दांना लागू पडत नाही. टेबल म्हणजे टेबल, हे ठीक. पण ‘वेल’ म्हणजे काय, हे समोरच्याने तो कधी आणि कसा उच्चारला त्यावर ठरतं.

जवसाचा सौदा आणि एक अंगठा

तुम्हाला वाटेल, एवढ्याशा गोष्टीवरून कुणी कोर्टात जातं का? जातं. कॅनडातलं एक प्रकरण बघा. शेतमालाचंच आहे, आणि तेही आपल्या ओळखीच्या जवसाचं.

मार्च २०२१ मध्ये सस्कॅचेवान प्रांतातल्या एका धान्य खरेदी कंपनीने एका शेतकऱ्याशी ८७ टन जवसाची बोलणी केली. नोव्हेंबरमध्ये माल द्यायचा, असं त्यात होतं. कंपनीच्या माणसाने कराराच्या कागदाचा फोटो मोबाइलवर पाठवला आणि करार कन्फर्म करा असं लिहिलं. शेतकऱ्याने उत्तरात फक्त अंगठ्याचं चित्र पाठवलं.

नोव्हेंबर आला, जवसाचे भाव वाढलेले होते, आणि माल काही आला नाही. कंपनी कोर्टात गेली. शेतकऱ्याचं म्हणणं होतं: अंगठा म्हणजे ‘कागद मिळाला’ एवढंच. कंपनीचं म्हणणं होतं: अंगठा म्हणजे ‘करार मान्य’. म्हणजे आपला तोच प्रश्न, पोच की मंजुरी?

कोर्टाने मागचे व्यवहार तपासले. त्याच दोघांमध्ये आधीही असे सौदे झाले होते. तेव्हा शेतकऱ्याने ‘ओके’सारखी एका-दोन शब्दांची उत्तरं दिली होती आणि मालही दिला होता. म्हणजे त्यांच्यात छोटं उत्तर म्हणजे मंजुरी, अशी रीतच पडली होती. जून २०२३ मध्ये कोर्टाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला आणि शेतकऱ्याला ८२ हजार कॅनेडियन डॉलरहून जास्त भरपाई द्यायला सांगितली. डिसेंबर २०२४ मध्ये अपील कोर्टानेही तो निकाल कायम ठेवला.

यातून आपण काय घ्यायचं? तुम्ही एखादा शब्द आजवर कसा वापरत आलात, त्यावरून उद्या त्याचा अर्थ लावला जातो. ‘ओके’ म्हणून दहा वेळा माल पाठवला असेल, तर अकराव्या वेळी ‘मी नुसतं वाचलं होतं’ हे सांगून सुटका होणं अवघड.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो?

तो परदेशातला निकाल, आपल्या कोर्टांना तो बंधनकारक नाही. पण आपला भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे, आणि त्याच्या कलम ७ मध्ये एक कामाची गोष्ट आहे: प्रस्तावाची स्वीकृती पूर्ण आणि बिनशर्त असायला हवी. म्हणजे नुसतं ‘ओके’ लिहिलं तर ती बिनशर्त स्वीकृती वाटू शकते. पण ‘ओके, पण ट्रान्सपोर्ट तुमच्याकडे’ असं लिहिलं, तर ती स्वीकृती राहत नाही. तो तुमचा नवा प्रस्ताव होतो आणि चेंडू परत समोरच्याच्या अंगणात जातो. एका ‘पण’ची ताकद बघा!

मेसेजवर, ईमेलवर झालेला करार चालतो का? माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १०अ नुसार, करार इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झाला एवढ्याच कारणावरून तो बाद ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ट्रायमेक्स आणि वेदांता अ‍ॅल्युमिनियम यांच्या प्रकरणात हेच अधोरेखित केलं. बॉक्साइटच्या पाच जहाजांचा सौदा ईमेलवर ठरला होता, सहीचा रीतसर करार झालाच नव्हता. तरीही मुख्य अटी ठरल्या होत्या आणि ईमेलवर सौदा कन्फर्म झाला होता, म्हणून करार झाला असं न्यायालयाने मानलं.

तेव्हा ‘अहो, व्हॉट्सअ‍ॅपवरचं काय एवढं!’ हा विचार आजपासून बंद.

कोणता शब्द कुठल्या पायरीवर?

चला, आता शब्द एकेक करून घेऊ.

नोटेड, रिसीव्ड, गॉट इट. हे पोच आणि समज देणारे शब्द. ‘रिसीव्ड’ म्हणजे मिळालं. ‘नोटेड’ म्हणजे नोंद घेतली. ‘गॉट इट’ म्हणजे कळलं. व्यापाऱ्याने दर पाठवला आणि अजून ठरवायचंय, तर यातला शब्द वापरा. मात्र एक लक्षात ठेवा. ग्राहकाने तक्रार केली आणि तुम्ही नुसतं ‘नोटेड’ लिहिलं, तर ते कोरडं, साहेबी वाटतं.

कन्फर्म्ड, अ‍ॅग्रीड, अ‍ॅक्सेप्टेड, डन. हे मंजुरीचे शब्द. हिशेब झाल्याशिवाय यांना हात लावायचा नाही. ‘डन’ तर आपल्याकडे फार स्वस्त झालाय. बोलण्याच्या ओघात ‘डन डन’ म्हणतो आणि मग निस्तरत बसतो.

ओके. हा सगळ्यात धोक्याचा, कारण तो तिन्ही पायऱ्यांवर चालतो. त्याचा जन्मच गमतीतून झाला. १८३९ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनच्या एका वर्तमानपत्रात ‘ऑल करेक्ट’चं मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरं छापली होती. म्हणजे मूळ अर्थ ‘सगळं बरोबर’. दर, वजन, तारीख असलेल्या मेसेजला एकटा ‘ओके’ कधीही पाठवू नका.

शुअर. ‘नक्की’. विनंतीला दिलेला आनंदाचा होकार. ‘थोडं सॅम्पल पाठवाल का?’ याला ‘शुअर’ छान. पण ‘पुढच्या महिन्यातही हाच दर ठेवाल ना?’ याला ‘शुअर’ म्हणालात तर अडकलात.

ऑफ कोर्स. आपण ‘हो तर!’ या अर्थाने वापरतो आणि विनंतीला तो चालतोही. पण माहिती विचारणाऱ्याला, म्हणजे ‘माल ताजा आहे का?’ याला नुसतं ‘ऑफ कोर्स’ म्हटलं तर त्यात ‘हे काय विचारणं झालं?’ असा सूर येऊ शकतो. त्यापेक्षा ‘येस, मागच्या आठवड्यातच दळलाय’ हे उत्तर चांगलं.

फाइन आणि गुड. ‘दॅट्स फाइन’ म्हणजे चालेल. पण ‘आय अ‍ॅम फाइन’ किंवा ‘आय अ‍ॅम गुड’ म्हणजे बऱ्याचदा ‘नको, राहू द्या’! प्रदर्शनात तुम्ही विचारलं, ‘अजून एक पाकीट देऊ का?’ आणि ग्राहक म्हणाला ‘आय अ‍ॅम गुड’, तर पाकीट पुढे करू नका. त्याला नकोय.

वेल. वाक्याच्या सुरुवातीला आलेला ‘वेल’ म्हणजे ‘चांगलं’ नव्हे. ते आपलं ‘आता काय सांगू...’ किंवा ‘तसं बघितलं तर...’ आहे. तुम्ही भाव सांगितला आणि समोरचा ‘वेल...’ म्हणून थांबला, तर समजा गाडी कुठेतरी अडलीय. लगेच भाव कमी करू नका. ‘दरात अडचण आहे की प्रमाणात?’ असं विचारा.

ओह. नवी माहिती कळली की निघणारा उद्गार. ‘ओह!’ म्हणजे होकार नाही, नकारही नाही. ‘दर वाढलेत’ यावर ग्राहक नुसता ‘ओह’ म्हणाला, तर ऑर्डर पक्की धरू नका. त्याला धक्का बसलाय, एवढंच कळलं.

ऊप्स. लहानसहान चुकीवरचा उद्गार. मेसेज चुकीच्या माणसाला गेला, तर ‘ऊप्स’ चालेल. ग्राहकाचं पार्सल हरवलं आणि तुम्ही ‘ऊप्स’ लिहिलं, तर त्याला वाटेल तुम्ही त्याची थट्टा करताय.

हं आणि वॉव. ‘वॉव’ म्हणजे कौतुक, खरेदी नव्हे. स्टॉलवर दहा जण ‘वॉव’ म्हणून गेले तरी गल्ल्यात काही पडत नाही. आणि मेसेजमधला नुसता ‘हं’ ग्राहकाला कधीच पाठवू नका. तो कंटाळा वाटतो.

सॉरी, एक्सक्यूज मी आणि पार्डन

ढोबळ नियम असा: त्रास देण्याआधी ‘एक्सक्यूज मी’, त्रास झाल्यावर ‘सॉरी’. गर्दीतून वाट हवी, कुणाचं लक्ष वेधायचंय, तर ‘एक्सक्यूज मी’. पायावर पाय पडला, तर ‘सॉरी’. फोनवर ऐकू आलं नाही, तर शेवटी सूर वर नेऊन ‘सॉरी?’ किंवा ‘पार्डन?’. तिथे नुसतं ‘व्हॉट?’ उद्धट वाटतं.

धंद्यात ‘सॉरी’चे आणखी दोन अर्थ सांभाळायला हवेत. ‘आय अ‍ॅम सॉरी टू हिअर दॅट’ ही हळहळ आहे, आपलं ‘अरेरे, वाईट झालं’. ‘सॉरी, इट वॉज अवर मिस्टेक’ ही कबुली आहे. बरणी वाहतुकीत फुटली की पॅकिंगच कच्चं होतं, हे माहीत नसताना आधी हळहळ व्यक्त करा, फोटो मागवा, तपासा. चूक आपली निघाली तर मात्र सरळ कबूल करून माल बदलून द्या. गावाकडच्या धंद्यात नाव हेच भांडवल असतं.

‘येस’ की ‘नो’? इथे मराठी माणूस हमखास अडकतो

कुणी विचारलं, ‘पेमेंट मिळालं नाही का?’ तर आपण म्हणतो, ‘हो, नाही मिळालं.’ मराठीत ते अगदी बरोबर. आपण समोरच्याच्या बोलण्याला ‘हो’ म्हणतो. इंग्रजीत उलटं आहे. ‘डिडंट यू रिसीव्ह द पेमेंट?’ याला ‘येस’ म्हणालात, तर अर्थ होतो: पेमेंट मिळालं! तुमचे पैसे अडकलेत आणि तुम्हीच मिळाल्याचं सांगून बसलात. म्हणून अशा प्रश्नाला एका शब्दात उत्तर देऊच नका. ‘नो, पेमेंट नॉट रिसीव्ड’ असं पूर्ण लिहा.

तसेच काही शब्द आपल्या देशात चालतात, पण परदेशी ग्राहकाला बुचकळ्यात टाकतात. ‘आय हॅव अ डाउट’ म्हणजे आपल्याला ‘एक शंका विचारायचीय’. त्याला वाटतं, तुमचा त्याच्यावर विश्वास नाही. तिथे ‘क्वेश्चन’ म्हणा. ‘आय विल रिव्हर्ट’ ऐवजी ‘आय विल रिप्लाय’ म्हणा. ‘डू द नीडफुल’ लिहिण्यापेक्षा नेमकं काय हवंय ते लिहा. आणि अनोळखी महिला ग्राहकाला मेसेजमध्ये नुसतं ‘डिअर’ म्हणू नका. ‘मॅडम’ किंवा सरळ ‘ताई’ म्हणा.

रेल्वे आणि विमान काय शिकवतात?

जिथे चुकीची किंमत मोठी, तिथे लोक नुसत्या ‘ओके’वर विसंबत नाहीत. रेल्वे घ्या. एका स्टेशनवरून गाडी पुढे सोडायची तर पुढच्या स्टेशनकडून ‘लाइन क्लिअर’ लागतं. भारतीय रेल्वेत असे महत्त्वाचे निरोप फोनवर देता-घेताना स्टेशन मास्तर ‘प्रायव्हेट नंबर’ देतात आणि तो वहीत लिहून ठेवला जातो. निरोप मिळाल्याचा तो पुरावा.

विमानात तर शब्दच वेगळे ठेवलेत. ‘रॉजर’ म्हणजे तुमचा निरोप पूर्ण मिळाला. ‘विल्को’ म्हणजे समजलं आणि तसं करतो. आपली पहिली आणि तिसरी पायरीच ही! यामागे कडू अनुभव आहेत. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धावपट्टीवर दोन मोठी विमानं धडकली आणि ५८३ माणसं गेली. कारणं अनेक होती: दाट धुकं, घाई, रेडिओवर एकमेकांत मिसळलेले आवाज. पण एका वैमानिकाच्या संदिग्ध वाक्याला कंट्रोल टॉवरने दिलेला ‘ओके’ हाही त्या साखळीतला एक दुवा होता. त्यानंतर विमानातल्या बोलण्याचे नियम आणखी कडक झाले.

आपल्या धंद्यात जीव जात नाहीत, हे खरं. पण ज्याचं भांडवलच वीस-पंचवीस हजारांचं आहे, त्याच्यासाठी एका ऑर्डरचा घोळसुद्धा छोटा नसतो.

हे मेसेज मोबाइलमध्ये साठवून ठेवा

नुसती पोच द्यायची असेल तेव्हा: ‘मेसेज मिळाला. हिशेब करून आज संध्याकाळी ७ पर्यंत कळवते. तोपर्यंत ऑर्डर पक्की धरू नये.’

अटीसह होकार द्यायचा असेल तेव्हा: ‘२०० किलो, १८० रुपये दर मान्य. पण ट्रान्सपोर्ट तुमच्याकडे. चालत असेल तर कन्फर्म लिहून पाठवा.’

पक्की मंजुरी द्यायची असेल तेव्हा: ‘ऑर्डर कन्फर्म्ड. माल हळद पावडर, २०० किलो, दर १८० रुपये, ट्रान्सपोर्ट तुमच्याकडे, माल १५ तारखेपर्यंत, अ‍ॅडव्हान्स निम्मा.’

समोरच्याचा नुसता ‘ओके’ आला तेव्हा: ‘तुमचा ओके म्हणजे ऑर्डर पक्की धरू का? हो असेल तर अ‍ॅडव्हान्स पाठवा, मग माल तयार करायला घेते.’

हे शेवटचं वाक्य लिहायला संकोच वाटतो, माहितेय. समोरचा रागावेल असं वाटतं. पण खरा व्यापारी अशा प्रश्नाने रागावत नाही. उलट त्याला कळतं की माणूस हिशेबाचा पक्का आहे. ज्याला मुळात घ्यायचंच नव्हतं, तो इथेच गळतो, आणि तुमचं दळण-पॅकिंग वाचतं.

इंग्रजी येत नाही म्हणून हा सगळा घोळ होतो, असं समजू नका. चांगलं इंग्रजी येणारेही इथे घसरतात. अडचण वाटली तर सरळ मराठीत लिहा: ‘मिळालं’, ‘समजलं’, ‘मंजूर’. महाराष्ट्रातल्या ग्राहकाला यापेक्षा स्पष्ट काय हवंय?

आजचा गृहपाठ

मोबाइल उघडा. ग्राहकांना आणि पुरवठादारांना पाठवलेले शेवटचे २० मेसेज बघा. जिथे नुसता ‘ओके’, ‘येस’ किंवा अंगठा दिसेल, तिथे वहीत लिहा: ही पोच होती, समज होती की मंजुरी? ज्या ठिकाणी तुम्हालाच नक्की सांगता येणार नाही, त्या माणसाला आजच एक फोन करा आणि काय ठरलंय ते पुन्हा बोलून घ्या. मग तेच चार ओळीत मेसेज करून ठेवा.

पुढच्या व्हिडिओत अ‍ॅडव्हान्स कसा मागायचा ते बघू. तोपर्यंत शब्द जपून, धंदा जोरात!